क जीवनसत्त्व: गोळी कोण घेतं आणि गरज कोणाला आहे

कोल्हापूरजवळच्या उचगाव फाट्यापासून गांधीनगरच्या बाजारपेठेपर्यंत कुठल्याही मेडिकलमध्ये ‘सी व्हिटॅमिनची गोळी द्या’ म्हटलं, की काउंटरवर ५०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी येते. लिमसी म्हणा, सेलिन म्हणा, मात्रा तीच. चिठ्ठी सहसा कोणी मागत नाही, किती दिवस घेणार हेही विचारत नाही. करोनाच्या काळात जस्ताच्या गोळीसोबत ती घरोघरी पोहोचली आणि साथ ओसरल्यावरही बऱ्याच घरांत मुक्कामाला राहिली. सर्दी झाली की एक, अंग मोडून आलं की एक, नातवंडानं हट्ट धरला की त्याच्याही हातावर एक.

या गोळीबद्दल दोन ठाम मतं ऐकू येतात. ‘पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व आहे, जास्त झालं तर लघवीवाटे जातं, बिनधास्त घ्या,’ हे एक. ‘असल्या गोळ्यांनी किडनी जाते, हात लावू नका,’ हे दुसरं. दोन्हींत सत्याचा अंश आहे आणि दोन्ही अर्धवट आहेत. आज उपलब्ध असलेला पुरावा एकत्र पाहिला तर माझं मत असं बनतं: धडधाकट, दोन वेळचं ताजं जेवणाऱ्या माणसाला ही गोळी रोज लागत नाही, मोजक्या काही माणसांना ती अपाय करू शकते, आणि ज्यांना क जीवनसत्त्व खरोखर कमी पडतं, त्यांच्या घरात ती बहुधा पोहोचलेलीच नसते.

आधी किती लागतं ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली भारतीयांसाठीचे आकडे नव्यानं ठरवले. प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम, बाईला ६५, गरोदरपणी ८० आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ११५. त्याआधी साधारण प्रौढाला ४० मिलिग्रॅम पुरेसं मानलं जायचं. जागतिक आरोग्य संघटना ४५ सांगते, अमेरिका पुरुषांना ९० आणि बायकांना ७५ सांगते, शिवाय धूम्रपान करणाऱ्यांना ३५ जादा. आकडे इतके वेगळे दिसतात कारण प्रत्येकानं समोर ठेवलेलं उद्दिष्ट वेगळं आहे. नुसता स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा आजार, टाळायचा तर रोज १० मिलिग्रॅमही पुरतं. शरीरात थोडा साठा राहावा म्हटलं की आकडा वर सरकतो. पण कुठलाही तक्ता घेतला तरी निरोगी माणसाची गरज शंभराच्या आसपास थांबते. प्रौढांसाठी वरची मर्यादा आपल्याकडे आणि अमेरिकेतही २००० मिलिग्रॅम आहे. ही मर्यादा म्हणजे तिथवर घेण्याची शिफारस समजू नये. त्याच्या वर गेलात तर त्रासाची शक्यता वाढते, एवढाच तिचा अर्थ.

आता ५०० ची गोळी पोटात गेली की काय होतं? आतड्याच्या अस्तरात हे जीवनसत्त्व आत ओढून घेणारी ठरावीक क्षमतेची वाहक प्रथिनं असतात. थोडी मात्रा आली तर ती जवळजवळ सगळी आत घेतली जाते, मोठी आली तर उरलेलं आतड्यातच राहतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी सात निरोगी तरुणांवर हे काटेकोरपणे मोजलं आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध केलं. एका वेळी २०० मिलिग्रॅम दिलं तर ते पूर्ण शोषलं गेलं, ५०० पासून पुढं प्रमाण घसरत गेलं आणि १२५० ला निम्म्याहून कमी शोषलं गेलं. रक्तातली पातळीही दिवसाला २०० च्या पुढं फारशी वाढेना. म्हणजे हजाराची गोळी घेणाऱ्याला पाचशेवाल्याच्या दुप्पट काहीच मिळत नाही. न शोषलेला भाग आतड्यात पाणी ओढतो, त्यामुळं पोट फुगतं, मुरडा येतो, जुलाब होतात. शोषलेल्यातलं जास्तीचं मूत्रपिंड बाहेर टाकतं, आणि हे टाकणं नेहमीच निरुपद्रवी नसतं, त्याकडं पुढं येतो.

क जीवनसत्त्वाचा इतिहास सांगताना जहाजावरचा डॉक्टर जेम्स लिंड आणि त्याचा १७४७ सालचा सॅलिस्बरी जहाजावरचा स्कर्व्हीचा प्रयोग सगळेच सांगतात. मराठी वाचकाला त्याहून जवळची एक गोष्ट आहे आणि ती फार कमी सांगितली जाते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर ब्रिटिशांची सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्की सैन्यानं तिला कुत-अल-अमारा इथं वेढलं आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करावी लागेपर्यंत वेढा उठला नाही. रसद संपत आली तसे घोडे कापले गेले. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं, भारतीय शिपायांपैकी बहुतेकांनी धर्माचारामुळं बराच काळ ते नाकारलं आणि आटलेल्या पिठावर दिवस काढले. स्कर्व्हीनं मुख्यतः भारतीय शिपाई पडले: हिरड्या सुजल्या, दात हलले, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडल्या. ताजी भाजी नाही, फळ नाही आणि कोरड्या धान्यात तर क जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच.

मेसोपोटेमियातली ही दैना लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या हॅरिएट चिक यांच्या संशोधनामागचं एक कारण ठरली. सैन्याला लिंबं आणि भाज्या पोहोचवणं अवघड, पण कोरडी कडधान्यं पोत्यांनी जातात. मग त्यांनाच भिजवून मोड आणले तर? चिक आणि मॅरियन डेल्फ यांनी १९१९ मध्ये दाखवून दिलं, की कोरड्या कडधान्यात नसलेली स्कर्व्हीरोधक शक्ती मोड येताना तयार होते. दाणा जागा होताना क जीवनसत्त्व स्वतः बनवतो. त्याआधी वर्षभर, १९१८ मध्ये, विल्टशर नावाच्या लष्करी डॉक्टरनं सर्बियन सैनिकांवर मोडाचा घेवडा आणि लिंबाचा रस यांची तुलना करून पाहिली होती आणि घेवड्यावरचे रुग्ण अधिक संख्येनं लवकर बरे झाले होते. मोडाची मटकी ज्या कोल्हापुरात पहाटेपासून शिजते, तिथं ही गोष्ट माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. मात्र मिसळीच्या कटात तासभर रटरटलेल्या मटकीत त्यातलं थोडंच शिल्लक राहतं. फायदा हवा असेल तर मोड कच्चे, कांदा-कोथिंबीर घालून, किंवा एक वाफ काढून खावेत.

हे जीवनसत्त्व हवा, उष्णता आणि पाणी या तिघांनाही हरतं. आपल्या स्वयंपाकघरात ते कसं जातं ते पाहण्यासारखं आहे. कोबी बारीक चिरला, मग चाळणीत धरून धुतला. चिरलेल्या कडांतून जीवनसत्त्व पाण्यासोबत मोरीत गेलं. फ्लॉवर गरम पाण्यात घालून ते पाणी ओतून दिलं. तिथं आणखी गेलं. भाजी सकाळी करून रात्री पुन्हा गरम केली, तेव्हा उरलेल्यातलंही कमी झालं. उलट भाजी आधी धुऊन मग चिरावी, झाकण ठेवून कमी पाण्यात शिजवावी, लिंबू भांडं उतरवल्यावर ताटात पिळावं, कोथिंबीर शेवटी घालावी. एवढ्यानं बरंच वाचतं. तांब्याच्या भांड्यात लिंबूपाणी ठेवू नये. तांब्यानं क जीवनसत्त्व झपाट्यानं नष्ट होतं, शिवाय आंबटानं तांबंही पाण्यात उतरतं.

‘आंबट ते क’ ही समजूत सोडायला हवी. चिंच, आमसूल, ताक हे आंबट आहेत, पण क जीवनसत्त्वाच्या हिशेबात त्यांची गणती नगण्य. उलट पेरू गोड, शेवग्याचा पाला तुरट, ढबू मिरची जवळजवळ बिनचवीची, आणि या तिघांत ते भरपूर. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यात शंभर ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर आहे, ढबू मिरचीत १२० च्या आसपास, शेवग्याच्या पाल्यात १०० च्या वर. आवळ्याबद्दल मात्र जुना आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. संस्थेच्या जुन्या पुस्तकात शंभर ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम होतं, नव्या तक्त्यात सुमारे २५० आहे. वाण, जमीन, पिकण्याची अवस्था, मोजण्याची पद्धत या सगळ्यानं असा फरक पडतो. कमी आकडा खरा मानला तरी एक आवळा दिवसाची गरज भागवतो आणि अर्धा पेरूही भागवतो. लिंबाचा लौकिक त्याच्या प्रमाणाहून मोठा आहे. एका लिंबाच्या रसात दहा-पंधरा मिलिग्रॅम मिळतं.

मिरचीचं आपल्याकडं अप्रूप, म्हणून एक जोडून सांगतो. क जीवनसत्त्वाशी निगडित शोधांसाठी १९३७ चं नोबेल मिळवणारे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना ते किलोंच्या हिशेबात मिळालं ते हंगेरीतल्या सेगेद शहराच्या ताज्या मिरचीतून. आपली हिरवी मिरचीही या बाबतीत श्रीमंत आहे, पण खर्डा लावून लावून किती खाणार? आणि कांदा-लसूण चटणीतली संकेश्वरी मिरची वाळवलेली असते. उन्हात वाळताना तिच्यातलं बहुतेक क जीवनसत्त्व निघून जातं. तांबड्या-पांढऱ्या रश्शाचंही तसंच. बकरं आणि म्हैस आपल्या यकृतात क जीवनसत्त्व स्वतः बनवतात, माणसाला ते जमत नाही, पण त्यांच्या मांसात आणि दुधात आपल्या वाट्याला फार थोडं येतं. दूध तापवल्यावर त्याहून कमी. मटणाच्या ताटात ते असतं शेजारच्या लिंबाच्या फोडीत.

ही लिंबाची फोड आणखी एक काम करते, आणि माझ्या मते आपल्या जिल्ह्यासाठी तेच सर्वांत महत्त्वाचं. भाकरी, पालेभाजी, कडधान्य यांतलं लोह शरीराला सहजी घेता येत नाही. त्याच घासासोबत क जीवनसत्त्व पोटात गेलं तर ते लोह विरघळलेल्या रूपात राहतं आणि जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतला की नेमकं उलटं घडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा राज्यात ताटातलं लिंबू आणि जेवणानंतर तासभर लांबवलेला चहा यांना औषधाचं मोल आहे. रक्तवाढीच्या गोळीसोबत मात्र क जीवनसत्त्वाची वेगळी गोळी विकत घेण्याची सहसा गरज नाही. शांघायमध्ये ४४० रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसती लोहाची गोळी घेणाऱ्यांचं हिमोग्लोबिन दोन्ही गोळ्या घेणाऱ्यांइतकंच वाढलं.

सर्दीचं काय? लायनस पॉलिंग या दोन नोबेल मिळवलेल्या शास्त्रज्ञानं १९७० मध्ये पुस्तक लिहून क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा पुरस्कार केला, तेव्हापासून ही श्रद्धा जगभर पसरली. पुढं डझनावारी चाचण्या झाल्या. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष असा, की सर्वसाधारण लोकांत रोज गोळी घेऊनही सर्दी होण्याचं प्रमाण कमी होत नाही; झालेली सर्दी मोठ्यांत सुमारे ८ टक्के आणि मुलांत १४ टक्के लवकर बरी होते. म्हणजे आठवड्याच्या सर्दीत जेमतेम अर्धा-एक दिवस, तोही वर्षभर गोळी घेतली तर. शिंका सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा खात्रीलायक उपयोग दिसला नाही. मॅरेथॉन धावणारे, बर्फात सराव करणारे सैनिक अशा टोकाचे कष्ट करणाऱ्यांत सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं, हा अपवाद आहे. करोनाबाबत अमेरिकेत २१४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दिवसाला ८००० मिलिग्रॅम देऊनही आजाराचे दिवस लक्षणीय कमी झाले नाहीत. आणि २०२२ मध्ये अतिदक्षता विभागातल्या जंतुदोषाच्या रुग्णांना शिरेतून मोठी मात्रा दिली, तेव्हा मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण उलट वाढलेलं दिसलं. चेहरा उजळावा म्हणून सलाइनमधून ‘व्हिटॅमिन सी’ लावून घेण्याची टूम आता शहरांत पसरते आहे. आतड्याचा बांध ओलांडून मात्रा थेट रक्तात जाते, त्यामुळं ती मला सगळ्यांत धोक्याची वाटते.

आता अपायाकडं येऊ. शरीरात क जीवनसत्त्वाचा काही भाग ऑक्झलेटमध्ये बदलतो आणि मुतखड्यांत सर्वाधिक आढळणारा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचाच असतो. स्वीडनमध्ये वीस हजारांवर पुरुषांची अकरा वर्षं नोंद ठेवली, तेव्हा क जीवनसत्त्वाच्या गोळ्या नियमित घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. बायकांमध्ये असा संबंध तितका स्पष्ट दिसलेला नाही. इथं एक गोंधळ नेहमी होतो. मुतखडेवाल्याला डॉक्टर लिंबूपाणी प्यायला सांगतात, मग गोळीही चांगलीच असणार असं लोक धरून चालतात. लिंबात उपयोगी पडतं ते सायट्रेट, जे खडा बनू देत नाही. गोळीत ते नसतं, तिथं असतं ते ऑक्झलेटला कच्चा माल पुरवणारं ॲस्कॉर्बिक आम्ल. एकदा खडा होऊन गेलेल्या किंवा मूत्रपिंड अधू असलेल्या माणसानं पाचशेची गोळी रोज घेऊ नये. डायलिसिसवरच्या रुग्णाला क जीवनसत्त्व द्यावं लागू शकतं, पण किती हे त्याच्या डॉक्टरनंच ठरवायचं.

लोह जास्त शोषलं जाणं प्रत्येकाच्या फायद्याचं नसतं. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलांना सारखं रक्त द्यावं लागतं आणि त्यातून शरीरात लोह साचत जातं. अशांत क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा साठलेलं लोह मोकळं करून हृदयावर ताण आणू शकते. उचगावला लागूनच असलेलं गांधीनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलं आणि सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक तुलनेनं अधिक आहेत, म्हणून हे इथं मुद्दाम लिहितो. नुसत्या वाहकाला यात घाबरण्यासारखं काही नाही; ज्या घरात रक्त चढवावं लागणारं मूल आहे तिथं मात्र ही गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नये. जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर जन्मतः कमी असलेल्यांत मोठ्या मात्रेनं तांबड्या पेशी फुटू शकतात. पारशी आणि काही आदिवासी समाजांत हा दोष अधिक आढळतो.

मधुमेहींनी आणखी एक जपावं. मोठी मात्रा घेतलेली असली की काही ग्लुकोमीटर आणि दंडावर लावायचे काही सेन्सर साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात, आणि लघवीच्या पट्टीवर असलेली साखर किंवा रक्त दिसत नाही. खोट्या आकड्यावर इन्सुलिन वाढवलं तर प्रसंग ओढवतो. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम असतं, ते रक्तदाबवाल्यांनी पाकिटावर वाचावं. आणि चघळायची गोळी दाताला आंबटात भिजवते. ती गालात धरून ठेवू नये, खाल्ल्यावर चूळ भरावी.

मुलांचं सर्वांत निकडीचं. एक ते तीन वर्षांच्या बाळाची गरज दिवसाला सुमारे ३० मिलिग्रॅम आहे आणि अमेरिकी तक्त्यात त्या वयाची वरची मर्यादा ४००. म्हणजे आजोबांच्या डब्यातली एकच गोळी ती मर्यादा ओलांडते. संत्र्याची चव आहे म्हणून ती खाऊ होत नाही. डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा वर ठेवावा.

मग ही गोळी कोणासाठी? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर आणि दक्षिण भारतातल्या साठीपुढच्या पाच हजारांवर माणसांचं रक्त तपासलं गेलं. उत्तरेत ७४ टक्के आणि दक्षिणेत ४६ टक्के लोकांत क जीवनसत्त्वाची कमतरता निघाली. तंबाखू वापरणारे आणि चुलीच्या धुरात वावरणारे त्यात अधिक होते. आपल्या गावात ही माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. मुलं पुण्याला, मागं राहिलेली म्हातारी सकाळी चहा-खारी आणि दुपारी आमटी-भात खाते, दात नाहीत म्हणून पेरू बंद, एकटीसाठी कोण भाजी चिरत बसणार म्हणून भाजी बंद. हिरड्यांतून रक्त, किरकोळ लागून उठणारे काळेनिळे डाग, न भरणारी जखम, सांध्यांची दुखी यांना घरात ‘वय झालं’ म्हणतात. दारूत जेवण सुटलेला माणूस, दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढणारा, दोन-तीनच पदार्थ खाणारं हट्टी मूल, वरच्या उकळलेल्या दुधावरच वाढणारं बाळ हेही याच यादीत. स्कर्व्हीची लक्षणं दिसत असतील तर डॉक्टर काही आठवडे मोठी मात्रा देतात आणि चार-आठ दिवसांत फरक पडू लागतो. तिथं पाचशेची गोळी खरोखर औषध आहे.

एरवी कमतरतेचा धोका असलेल्या मोठ्या माणसाला दिवसाला शंभर-दोनशे मिलिग्रॅम पुरे. शंभराची गोळी मिळाली तर तीच घ्यावी. नाही मिळाली तर साधी चघळायची पाचशेची गोळी अर्धी करून जेवणासोबत घेता येते, फक्त हळूहळू विरघळणारी म्हणून विकली जाणारी गोळी मोडू नये. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर आधी विचारावं. आणि दात नसलेल्या आजीसाठी गोळीच्या आधी हे करून पाहावं: पिकलेली पपई चमच्यानं, पेरूचा गर बिया काढून, आवळा किसून दह्यात, पिकलेला टोमॅटो कुस्करून मीठ-साखर घालून, आणि आमटी-भातावर रोज अर्धं लिंबू.